एक आकडा बदलायचा होता, एक!

दिंडोरीच्या भाऊंच्या द्राक्षपेटीचं लेबल. मोबाईल नंबरातला शेवटचा 1 काढून तिथे 7 टाकायचा, बस. रात्री साडेदहाला फोन, "ताई, तेवढं आजच करून द्या, सकाळी छपाईला गेलंच पाहिजे, माल तयार आहे." लेबलं करायचं माझं भाड्याचं डिझाइन सॉफ्टवेअर उघडलं तर समोर पाटी: सदस्यत्व संपलंय, पैसे भरा.

संपलं कारण बँकेनं कार्ड बदललं आणि ऑटो-डेबिट अडकलं. नवं कार्ड टाकलं, ओटीपी येईना. तीनदा केलं. चौथ्यांदा आला तोवर पानच बंद पडलं. आणि माझी फाइल, मी हातानं काढलेला द्राक्षाचा घड, माझ्याच लॅपटॉपमध्ये, इंदिरानगरच्या माझ्याच घरात कुलूपबंद! नवं काम करू देऊ नका, समजू शकते. पण केलेलं उघडूसुद्धा देऊ नका? सहा वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता माझा. सहा वर्षं भरून मालकीचं काय झालं? काही नाही.

गेल्या वर्षी हे सॉफ्टवेअर सोडायला निघाले होते. 'दरमहा' मोठ्या अक्षरात, करार मात्र वर्षाचा. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांची निम्मी रक्कम द्या म्हणे. वर 18 टक्के जीएसटी आहेच. मग न मागितलेलं एआय आत कोंबलं आणि दर वाढवला. मला एआय नको होतं, मला 7 हवा होता!

सल्ले देणारे तर डोक्यात जातात. "क्रॅक टाक ना, सगळे टाकतात." चोरीचं नको म्हणूनच तर इतकी वर्षं भरले ना पैसे! मग कुणीतरी एकदाच पैसे भरायचं सॉफ्टवेअर सुचवलं. घेतलं. 'द्राक्ष' लिहिलं तर द पाय मोडून एकीकडे, र दुसरीकडे. 'दिंडोरी'ची वेलांटी द ओलांडून पलीकडे. ज्यात मराठी धड उमटत नाही ते नाशकात घेऊन मी काय करू? सगळ्या लिप्या संगणकावर एकसारख्या चालाव्यात म्हणून युनिकोड आलं, त्यालाही एवढी वर्षं झाली, तरी देवनागरी यांच्या यादीत शेवटीच.

त्या रात्री सुटका केली ती इंकस्केप या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरनं. 2003 पासून लोक ते सांभाळतायत, फुकट देतायत, आणि जोडाक्षरं नीट जोडतं. प्रेसला आधी पाठवलेली पीडीएफ त्यात उघडली. अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं झालेली, टाइप करून बदलणं शक्य नाही. नंबरात आधी एक 7 होता, तोच कॉपी केला, 1 च्या जागी बसवला. दोन मिनिटं. खरोखर दोनच मिनिटं!

पण इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं. ते तसंच छपाईला दिलं तर काळी अक्षरं चार शाईंत फुटतात आणि बारीक मजकुराला रंगीत सावली येते. म्हणून सगळं स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नेलं, काळा फक्त काळ्या शाईत ठेवला, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत पीडीएफ काढली. रात्रीचा दीड वाजला. आणि सकाळी प्रेसवाले काय म्हणाले? "ताई, पीडीएफ नको, ओपन फाइल पाठवा ना, त्याच सॉफ्टवेअरमधली." म्हणजे त्याच भाड्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल!

याचाच सगळ्यात जास्त राग आहे मला. पैसे ती कंपनी घेते, पण आपल्याला तिच्या दावणीला आपलेच लोक बांधतात. अख्ख्या शहरात तीच फाइल मागायची, म्हणजे नव्या मुलांनीही तेच भाडं भरायचं! मी सांगितलं, पीडीएफच मिळेल, छापायची तर छापा. छापली. लेबल नीट आलं, घडाचा हिरवासुद्धा.

आता रोज रात्री जेवण झालं की जुन्या फाइलींच्या पीडीएफ एकेक करून एसव्हीजी, म्हणजे कुठल्याही एका कंपनीला न बांधलेल्या चित्रफाइली, करत बसते. मजकुराला मुक्ता आणि बलू, 'एकटाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्त परवान्याचे फॉन्ट. चाळीस झाल्या, शेकड्यांनी बाकी आहेत. कार्डाचा नवा नंबर त्या कंपनीला दिलेला नाही. देणारही नाही.