टोमॅटोचं बूड काळं पडतंय? एप्सम सॉल्ट घालू नका

"टोमॅटोचं बूड काळं पडतंय म्हणजे कॅल्शियम कमी. दर आठवड्याला कुंडीत दोन चमचे एप्सम सॉल्ट, वर अंड्याची टरफलं आणि गोडीसाठी चमचाभर साखर घाला." हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला आणि तिने एप्सम सॉल्टचं पाकीट आणूनही ठेवलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

एप्सम सॉल्टमध्ये कॅल्शियम नसतंच! ते मॅग्नेशियम सल्फेट आहे: साधारण १० टक्के मॅग्नेशियम, १३ टक्के गंधक. मुळांपाशी मॅग्नेशियम जास्त झालं की झाड कॅल्शियम कमी उचलतं. म्हणजे ज्यावर उपाय म्हणून घालायचं, तेच वाढवायचं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी या विषयावरचं संशोधन तपासून स्पष्ट लिहिलंय की मातीत मॅग्नेशियमची कमतरता नसेल तर एप्सम सॉल्ट घालण्याला आधार नाही.

कॅल्शियमचा संबंध आहे, हे मान्य. पण बहुतेक वेळा ते मातीत असतं, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याबरोबरच वर चढतं. पानांतून बाष्प भरपूर उडतं, म्हणून पानं ते ओढून घेतात. फळातून फारच कमी उडतं, आणि बूड तर देठापासून सगळ्यात लांब. दोन दिवस कुंडी कोरडी, तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी असं चाललं की वाढत्या फळाच्या बुडाला कॅल्शियम मिळत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. ही बुरशी नाही, त्यामुळे बुरशीनाशक फवारूनही काही होणार नाही.

करायचं ते असं. एका रोपाला किमान १२ ते १५ इंची कुंडी. बोट दोन इंच खुपसून बघा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या. एप्रिलमध्ये गच्चीवर हे दिवसातून दोनदाही लागेल. वर दोन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट. आणि युरिया थांबवा: त्याने पाला माजतो, शिवाय त्यातून तयार होणारं अमोनियम कॅल्शियमच्या आड येतं.

नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मॅग्नेशियम खरंच कमी पडू शकतं. जुनी, खालची पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडली, तरच लिटरला ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट संध्याकाळी पानांवर फवारा. कुंडीत ओतू नका.

टरफलांत कॅल्शियम आहे, पण ती विरघळायला महिनोन्‌महिने लागतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत लागवडीआधी बारीक पूड करून मिसळली तर थोडाफार उपयोग. साखरेने मुंग्या येतील, गोडी नाही. गोडी पानं तयार करतात, त्यांना रोज सहा तास तरी ऊन हवं.

बूड काळं पडलेली हिरवी फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. पिकत आलेलं असेल तर काळा भाग कापून बाकीचं आमटीत खुशाल घाला.