घड्याळ पालथं घातलं तेव्हा कुठे

एका लेखात वाचलं, वेळेची धास्ती वाटत असेल तर दिवसाचं वेळापत्रक आखा. माझं उलटंच झालं. यादी जितकी नेटकी, तितकी छातीत धडधड जास्त. निघायला चांगली चाळीस मिनिटं असली तरी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचे, आणि त्या नादात किल्ल्याच विसरायचे!

कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, आधीचा अनुभव गाठीशी असूनही, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय. (म्हणजे हा आळस नव्हे. निम्मा अपराधीपणा तिथेच गेला.) आता अंदाजाच्या दीडपट वेळ धरते. गजर निघायच्या वेळेचा, पोहोचायच्या नाही. तो वाजेपर्यंत घड्याळ पालथं.

रात्री तीनला जाग आली की मात्र हिशेब अजूनही सुरू होतो: आत्ता झोप लागली तर तीन तास मिळतील...