साडेतीन लिटरचा वाद

"सर, ऑइल मिनरल टाकू, सेमी टाकू, की फुल्ली सिंथेटिक?"

सर्व्हिस सेंटरवरच्या मुलानं टॅबवरची नजर न काढता विचारलं. गाडीला वर्ष होत आलं होतं. वर्षाची गाडी म्हणजे आमच्याकडे नवीच. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही आणि आईच्या देखत ते निघणारही नाही. सर्व्हिसिंग फुकट होतं. फुकट म्हणजे मजुरी फुकट. ऑइल, फिल्टर, ड्रेन बोल्टचं वॉशर आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाचं एक गूढ खातं, एवढ्याचेच काय ते पैसे. आत्तापर्यंत गाडीत साधं मिनरल होतं, सिंथेटिकला दुपटीच्या आसपास पडतील, असं तो म्हणाला. मी शनिवारची वेळ घेतली आणि "घरी बोलून सांगतो" म्हणून निघालो.

इंजिन ऑइलचं असं आहे की ते कुणालाच दिसत नाही. गाडीच्या रंगावर मत द्यायचं तर निदान गाडी बघावी लागते. ऑइलवर मत द्यायला काहीही लागत नाही. आमच्या सोसायटीत ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनाही या विषयावर मतं होती, आणि तीच जास्त ठाम होती.

पहिला आक्षेप मात्र घरातून आला. दिवाळीपासून आमच्याकडे लाकडी घाण्याचं तेल येतं. रिफाइंड म्हणजे विष, हे आईला भिशीत कुणीतरी पटवून दिलं आहे. घाण्याला बैल नाही, मोटर आहे, पण लाकूड खरं आहे. मालक ते हात लावून बघू देतो. त्या शेंगदाणा तेलाला कढईत फेस येतो, भजी तळताना तो गॅसवर उतू जातो, आणि ओटा पुसता पुसता आई म्हणते, "फेस येतो म्हणजे अस्सल." अशा घरात मी 'सिंथेटिक' हा शब्द उच्चारला.

"म्हणजे माणसांनी रिफाइंड सोडून घाण्याचं खायचं, आणि गाडीला चांगलं जमिनीतलं सोडून केमिकल पाजायचं?"

मी समजावलं, की मिनरल ऑइलसुद्धा कुणी विहिरीतून पोहऱ्यानं काढून डब्यात भरत नाही. कच्चं तेल रिफायनरीत जातं, शुद्ध होतं, त्यात नाना रसायनं मिसळतात, मगच ते ऑइल होतं.

"म्हणजे दोन्ही रिफाइंडच ना? मग स्वस्तातलं घाल."

बायको म्हणाली, "दोन्हींनी गाडी चालते ना? मग शनिवारी माझ्याबरोबर मंडईत चल." हे या सगळ्या चर्चेतलं सर्वांत शहाणं वाक्य होतं, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही.

सासऱ्यांचा साताऱ्याहून फोन आला. बातमी तिकडे कशी पोचली ते विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी हयातभर प्रीमियर पद्मिनी चालवली आणि त्याआधी चेतक, ज्याच्या टाकीत पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मोजून घालावं लागायचं. त्यामुळे ऑइल या विषयात त्यांचा अधिकार मोठा. "जावईबापू, वीस-चाळीस ग्रेडचंच घाला," ते म्हणाले. "बारा महिने वीस-चाळीस. आमच्या पद्मिनीचं ऑइल कधी बदलायलाच लागलं नाही." हे मात्र शंभर टक्के खरं आहे. ती गाडी ऑइल इतकं प्यायची की वरून ओतता ओतता ते आपोआप नवं होत राहायचं.

त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता. "नव्या गाडीचं इंजिन आधी बसू द्यावं. सिंथेटिक फार निसरडं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून जागेवर बसायच्या, त्या बसतच नाहीत." त्यांच्या काळी नवी गाडी मागच्या काचेवर 'रनिंग इन'ची पाटी लावून हळूहळू फिरायची आणि मागचे सगळे समजूतदारपणे पुढे निघून जायचे. तेव्हाच्या इंजिनांची घडण बघता ते बरोबरच होतं. आता सिलिंडरचं काम इतकं बारीक होतं की रिंगा बसायच्या त्या सुरुवातीलाच बसतात. अमेरिकेतली कॉर्व्हेट तर १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक भरून बाहेर पडते, आणि तिच्या रिंगा बसल्या नाहीत अशी काही ओरड नाही. हे मी फार अदबीनं सांगितलं.

"आपल्यात कॉर्व्हेट कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं. फोन संपला.

मग मेव्हणा आला. तो बाणेरला आयटीत आहे आणि प्रत्येक विषयावरचे व्हिडिओ दीडपट वेगानं बघतो, त्यामुळे बोलतोही तसाच. "दाजी, ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे काय? वेट नाही, विंटर!" पाच हा आकडा थंडीतला, त्या ग्रेडचं ऑइल उणे ३० अंशांनाही इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहिलं पाहिजे. तीस हा गरम इंजिनाचा आकडा, १०० अंश तापमानाला ऑइल किती दाट राहतं त्याचा. माहिती बरोबर होती. पण आमच्याकडे थंडीचा कहर म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात येतो, तेवढाच. उणे ३० अंशांना पुण्यात गाडी सुरू झाली तरी ती चालवायला कोण खाली उतरणार? शिवाय ५डब्ल्यू-३० मिनरलमध्येही मिळतं आणि सिंथेटिकमध्येही. ग्रेड तीच, फरक दमाचा. सिंथेटिक उष्णतेनं लवकर खराब होत नाही, उडून कमी जातं, त्याचा गाळ कमी साचतो.

"पण दाजी, सिंथेटिक हे सिंथेटिक नसतंच!" हे त्यानं जाता जाता बूट घालताना सांगितलं आणि मला पुन्हा बसवलं. गोष्ट खरी आहे. मोबिलनं १९७४ साली मोबिल १ बाजारात आणलं. त्याचा पाया लहान रेणू जोडून बनवलेल्या तेलाचा होता, म्हणजे अक्षरशः घडवलेलं तेल. पुढे कॅस्ट्रॉलनं कच्च्या तेलातूनच काढलेलं, पण हायड्रोजन मिसळून, तापवून, प्रचंड दाबाखाली रेणू मोडून पुन्हा रचलेलं तेल सिंथेटिक म्हणून विकायला काढलं. मोबिलनं तक्रार केली. अमेरिकेतल्या जाहिरातींच्या तंटामंडळानं १९९९ मध्ये निकाल दिला, की याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून सिंथेटिकच्या बऱ्याच डब्यांत असतं ते जमिनीतलंच, फार सोसलेलं तेल.

आई कोथिंबीर निवडत हे सगळं ऐकत होती. "दाबून काढतात?" तिनं विचारलं.

"प्रचंड दाब देतात."

"मग घाण्याचंच की! आधी नाही का सांगायचं?"

घरातून मंजुरी मिळाली. रसायनशास्त्राचा मुडदा पडला, पण त्याला माझा इलाज नव्हता.

राहिला कोपऱ्यावरचा मिस्त्री. एवढ्या लोकांत बॉनेट उघडून बघणारा हा एकटाच. त्यानं डिपस्टिक ओढली, खांद्यावरच्या बनियनच्या तुकड्यानं पुसली, परत आत घातली, परत काढली. टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला. हुंगला. मग तो थेंब स्वतःच्या पँटला पुसून, डॉक्टर एक्स-रे खाली ठेवतात तेव्हा करतात तसा चेहरा केला.

"काळं झालंय," मी घाबरून म्हणालो.

"व्हायलाच पाहिजे. ऑइल मळ धरतं म्हणून काळं होतं. वर्ष चालून सोनेरी राहिलं तर समजायचं, ते कामच करत नाही."

इथपर्यंत मी त्याचा शिष्य झालो होतो. पुढे तो म्हणाला, "पण साहेब, एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरल चालत नाही. आणि सील गळायला लागतात." सीलचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक ऑइलांनी जुन्या गाड्यांचे सील आकसून गळती व्हायची. ते दुरुस्त होऊन जमाना झाला, पण गॅरेजमधली बदनामी ऑइलपेक्षा जास्त टिकते. आणि परत फिरता येत नाही म्हणावं, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. 'सेमी' म्हणून जे विकतात ते तेच तर असतं.

शेवटी मी ज्याला कुणीच हात लावला नव्हता ते काढलं. मॅन्युअल. डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, अजून पिशवीत. त्यात शांतपणे लिहिलं होतं: ५डब्ल्यू-३०, दर्जा एपीआय एसएन किंवा त्यावरचा, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मिनरल की सिंथेटिक याबद्दल चकार शब्द नाही. वॉरंटीला मतलब तेवढ्याशीच. पण खाली बारीक अक्षरात 'खडतर वापर' असा चौकोन होता. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन बराच वेळ चालू राहणं. धूळ. खराब रस्ते. हे कुणी तरी सिंहगड रोडला उभं राहून लिहिलं असावं. माझं ऑफिस घरापासून इतकं जवळ आहे की इंजिन नीट तापायच्या आत मी पोचतो. तापत नाही म्हणून पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. आणि ज्या दिवशी नळ स्टॉपच्या चौकात अडकतो त्या दिवशी किलोमीटर एकही पडत नाही, इंजिन मात्र अर्धा तास फिरत असतं. लडाखला जाणाऱ्या गाडीला सिंथेटिक लागत असेल-नसेल, कर्वे रोडला जाणारीला लागतं, या निष्कर्षावर मी आलो.

शनिवारी ॲडव्हायजर खूश झाला आणि खूश झाल्यावर ते करतात तेच त्यानं केलं. "सर, सिंथेटिकला जाताय तर इंजिन फ्लश करून घेऊ? आणि एक ॲडिटिव्ह आहे." वर्षाच्या इंजिनात धुण्यासारखं काय असणार? आणि ऑइलमध्ये ॲडिटिव्ह आधीच घातलेली असतात, त्याचेच तर पैसे. दोन्हींना नाही म्हणालो. "आता पंधरा हजारांपर्यंत बघायला नको," तो म्हणाला. मॅन्युअल दहा हजार म्हणतं, तर दहा हजार. हे घरी सांगितल्यावर बायकोनं विचारलं, "मग दुप्पट पैसे कशाचे?" मी नळ स्टॉपचं नाव घेतलं. तिनं ते मान्य केलं नाही, पण विषय सोडला.

डबा साडेतीन लिटरचा, गाडीत मावलं त्याहून कमी. उरलेलं ऑइल त्यांनी डब्यासकट परत दिलं, पैसे माझेच होते. घरी आणताना मला सोसायटीचं फाटक दिसलं. ते फाटक रात्री अकरानंतर उघडलं की तिसऱ्या मजल्यापर्यंतची मुलं जागी होतात. वॉचमनच्या मदतीनं बिजागऱ्यांवर थोडं थोडं ऑइल सोडलं, दोनदा पुढेमागे केलं, आवाज बंद. वॉचमननं हात जोडले.

संध्याकाळी सेक्रेटरी पार्किंगमध्ये वाट अडवून उभे होते.

"फाटकाला ऑइल तुम्ही घातलंत?"

"हो. आवाज करत होतं."

"कमिटीला विचारायचं होतं. मिनरल घातलंत की सिंथेटिक?"

"सिंथेटिक."

त्यांच्यामागून तळमजल्यावरचे काका पुढे आले. त्यांच्याकडे गाडी नाही. "अहो, आत पंधरा वर्षांचं ग्रीस आहे," ते म्हणाले. "ग्रीसवर सिंथेटिक? आता कायम तेच घालत बसावं लागणार. मेंटेनन्समध्ये धरणार का तुम्ही?"

रविवारी मीटिंग आहे. मेव्हण्याला बोलावलं आहे.