रेनकोट दर वर्षी, की मेण दर वर्षी?

मेचा शेवटचा आठवडा आला की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत रेनकोट लटकायला लागतात. आणि दर वर्षी तीच माणसं तेच रेनकोट परत विकत घेतात. गेल्या वर्षीच्याचं काय झालं म्हणून विचारा. चेन गेली, काखेत उसवला, नाहीतर घडी उलगडली तर चिकटून एकजीव झालेला. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी मात्र वीसेक वर्षं एकच जॅकेट घालतोय म्हटल्यावर कट्ट्यावर माझी यथेच्छ टिंगल होते. 'आलं बघा तेलकट' हे माझं पावसाळ्यातलं नाव. तर एकदा काय ते सविस्तर लिहूनच टाकतो.

जॅकेट मेण जिरवलेल्या सुती कापडाचं आहे. नोकरीच्या निमित्ताने काही काळ इंग्लंडात न्यूकॅसलला होतो, तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात घेतलं. म्हणजे मी त्याचा दुसरा मालक, आणि पहिल्यानेही ते काही जपून वापरलेलं नव्हतं. गडद हिरवा रंग, कॉर्डरॉयची कॉलर, आत चौकटीचं अस्तर, पितळी चेन आणि एवढे मोठे खिसे की एकात पाण्याची बाटली आणि दुसऱ्यात कंदी पेढ्यांचा बॉक्स सहज मावतो. त्या भागात असलं जॅकेट फॅशन म्हणून नाही, कामाचा कपडा म्हणून जन्माला आलं. न्यूकॅसलपासून थोड्याच अंतरावर साउथ शिल्ड्स नावाचं बंदर आहे. तिथे १८९४ मध्ये जॉन बार्बर नावाच्या माणसाने खलाशी, मच्छीमार आणि गोदी कामगारांसाठी तेल पाजलेल्या कापडाचे कोट विकायला सुरुवात केली. ती कंपनी आजही तिथेच आहे. त्याही आधी स्कॉटलंडचे खलाशी जहाजाच्या शिडांना तेल चोळायचे, कारण तेलकट शीड वारा जास्त धरतं आणि भिजून जड होत नाही. फाटक्या शिडाचे मग अंगरखे व्हायचे. जवसाचं तेल थंडीत कडक व्हायचं, पिवळं पडायचं, म्हणून पुढे विसाव्या शतकात त्याच्या जागी पॅराफिनचं मेण आलं. १९३६ मध्ये याच कंपनीने खास मोटरसायकलवाल्यांसाठी जॅकेट काढलं, आणि माझ्या मते हा कपडा खरा शोभतो तो दुचाकीवरच.

आता खरं सांगतो. हे जॅकेट वॉटरप्रूफ नाही. म्हणजे भुरभुर, तासाभराची सर, सज्जनगडाच्या रस्त्यावरचा आडवा पाऊस, हे सगळं ते मजेत झेलतं. पण कासच्या पठारावर जुलैत झड लागली आणि तुम्ही दुपारभर उघड्यावर असाल, तर पाणी खांद्याच्या शिवणीतून आत येणारच. सुईची भोकं ती भोकंच. आपल्या जिल्ह्याचा पाऊस म्हणजे एक प्रकरणच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिकडे दुष्काळी माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. इंग्लंडातल्या रिमझिमीसाठी शिवलेल्या कपड्याने महाबळेश्वरचा आषाढ कोरडा ठेवावा ही अपेक्षाच चूक. शिवाय जड आहे. चालून चढण चढायची असेल तर आत घामाने आंघोळ होते. ट्रेकला जाणाऱ्या पोरांनी माझं ऐकून हे घेऊ नये.

मग कौतुक कशाचं?

कौतुक याचं, की ते बिघडतं ते दिसतं, आणि जे दिसतं ते दुरुस्त होतं.

साध्या रेनकोटच्या प्लास्टिकमध्ये मऊपणासाठी जी द्रव्यं घातलेली असतात ती उन्हाने आणि काळाने निघून जातात. मग ते कडक होतं आणि घडीवर तडकतं. तडकलं की संपलं, त्याला टाका घालायला गेलात तर टाक्याच्या भोकापासून पुढे फाटतं. महागडी जॅकेटं वेगळ्या तऱ्हेने मरतात. बॉब गोर या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला, तोच भारी जॅकेटांच्या कापडात असतो. घामाची वाफ बाहेर जाते, पावसाचा थेंब आत येत नाही. डोकं चालवलंय माणसाने, वादच नाही. पण आपल्या बाजारात पाच-सात हजारांना जे मिळतं त्यात बहुतेक वेळा आतून पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा लेप असतो, आणि त्या लेपाचा वैरी म्हणजे दमट हवा. ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात. जॅकेट तुम्ही वापरा नाहीतर कपाटात ठेवा, ते आतून चिकट होतं आणि एक दिवस कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे शर्टावर पडायला लागतात. माझ्या भावाचं एका नामांकित कंपनीचं जॅकेट असंच गेलं. दुकानात घेऊन गेला तर उत्तर मिळालं, "सर, नवीन मॉडेल आलंय." बाहेरून कपडा धडधाकट, रंगसुद्धा उडालेला नाही, आणि तरी फेकायचा. मला याचा राग येतो, कारण साताऱ्यासारख्या गावात चार महिने हवा ओलीच असते. ज्या हवेसाठी कपडा घ्यायचा त्याच हवेने तो मरतो.

मेणकापडाचं उलट आहे. त्यात मेणाचा वेगळा पापुद्रा नाही, मेण सुतात मुरलेलं असतं. घासून घासून ते कमी होतं ते ठरलेल्या जागी: कोपर, खिशाच्या कडा, बाहीचं टोक, आणि सॅकचा पट्टा येतो तो खांदा. तिथला रंग फिका होतो. पाण्याचा थेंब टाकला की इतर ठिकाणी तो घरंगळतो, तिथे मात्र डाग होऊन पसरतो. एवढं कळलं की काय करायचं ते उघड आहे, तिथे पुन्हा मेण लावायचं.

हे काम मी मेच्या कडक उन्हात करतो. जॅकेट थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. साबण नाही, गरम पाणी नाही, वॉशिंग मशीन तर अजिबात नाही. एकदा डिटर्जंटमध्ये फिरलं की मेण गेलं आणि नंतर लावलेलं नीट बसत नाही. मग सावलीत पूर्ण वाळू द्यायचं. मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, थेट गॅसवर कधीच नाही, मेण पेट घेतं. पातळ झालं की जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने चोळत जायचं, शिवणींवर जरा जास्त. कॉलर आणि अस्तर सोडून. सुरुवातीला कापडावर पांढरट, ओशट थर दिसतो आणि वाटतं आता वाट लागली. तेव्हा हेअर ड्रायर फिरवायचा. डोळ्यांदेखत तो थर वितळतो, कापडात शिरतो आणि मूळचा गडद हिरवा रंग हातभर पट्ट्याने वर येत जातो. हा भाग मला मनापासून आवडतो. रात्रभर टांगून ठेवलं की झालं.

कंपनीच्या मेणाचा डबा परदेशातून मागवायचा तर टपालखर्चासकट डोळे पांढरे होतात. म्हणून मी आपलं गावठी मिश्रण करतो. मधमाशीचं मेण आपल्याकडे मिळायला काय तोटा? महाबळेश्वरचा मध सगळ्यांना ठाऊक, त्याच तालुक्यातलं मांघर तर २०२२ पासून 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. पण निव्वळ मधमाशीचं मेण लावू नका. ते साठ अंशांच्या वर वितळतं, थंडीत कडक होतं, आणि कोपर वाकवला की कापडावर पांढऱ्या रेघा उमटतात. त्यात पॅराफिन आणि थोडी पेट्रोलियम जेली मिसळली की मऊ राहतं. जवसाचं तेल घालणारे लोक आहेत, मी घालत नाही. वास येतो, आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात. घरात पोरंबाळं आहेत.

आपल्याकडे या कपड्याचा खरा शत्रू पाऊस नाही, बुरशी. ओलं जॅकेट दाराआड अडकवून चार दिवस विसरलात की कुबट वास आणि पांढरे ठिपके. पांढरं दिसलं की आधी ड्रायर मारून बघायचा. मेण वर आलं असेल तर विरघळतं, बुरशी असेल तर जागची हलत नाही. बुरशीला व्हिनेगरचं पाणी लावून पुसायचं आणि वाऱ्यावर खडखडीत वाळवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवायचं नाही. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर नाहीच. मेण पाझरतं, आणि आमच्या घरी मागच्या सीटचा डाग हा कुठल्याही भांडणात हुकमी मुद्दा आहे.

डागांवरून आठवलं. एसटीत हे जॅकेट घालून बसलं की शेजारचा माणूस जरा सरकून बसतो. त्यांचं चुकत नाही. ताज्या मेणाचं जॅकेट पांढऱ्या शर्टाला लागलं की त्या शर्टाचं काही खरं नसतं. मी आता मेण लावल्यावर पहिला आठवडा ते घालून कुणाच्या घरी जात नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर राजवाड्याजवळच्या आमच्या शिंपीकाकांना अर्धं श्रेय. करवंदीच्या जाळीत बाही अडकून हातभर फाटली होती. काकांनी कापड चिमटीत धरून चोळलं, बोटांचा वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, हे मशीनवर नाय व्हायचं. सुई चिकटंल." तरी त्यांनी जाड सुई लावून बघितली, आणि खरंच, थोडी शिलाई झाली की सुईला मेणाचा लेप बसून धागा तुटायचा. दर वेळी सुई पुसायची आणि पुढे. शेवटी कंटाळून त्यांनी उरलेलं ठिगळ हाताने घातलं, मोच्याकडून आणलेल्या मेणाच्या दोऱ्याने. पैसे किती म्हटल्यावर "द्या काय द्यायचं ते, पण परत आणू नका" असं म्हणाले. त्यानंतर चेन बदलायला आणि खिसा शिवायला मी परत गेलोच, आणि दर वेळी त्यांनी शिव्या घालत ते केलंच. ते ठिगळ मूळ कापडापेक्षा दणकट आहे, पैजेवर सांगतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, साहेबांच्या देशातल्या कोटाचं एवढं काय कवतिक. बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मला चाळकेवाडीच्या पठारावर एका धनगरबाबांनी दिलेलं आहे. पवनचक्क्यांच्या खाली वारा असा की उभं राहवत नव्हतं. बाबा घोंगडीची खोळ घेऊन निवांत बसले होते. माझी बाही हातात घेऊन म्हणाले, "त्याल पाजलंय व्हय?"

"मेण हाय, बाबा."

"बरं हाय की. पर हे हातरून निजता येतंय का?"

नाही येत. घोंगडी अंथरायला, पांघरायला, डोक्यावर घ्यायला, धान्य वाळवायला, सगळ्याला चालते. दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिच्यात मूळचं थोडं तेल असतं, त्यामुळे पाणी बराच वेळ वरच्यावर निथळतं आणि भिजली तरी अंगाला ऊब राहते. सनगर मंडळी विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि वापरून मऊ होते. टिकण्याच्या बाबतीत माझं जॅकेट तिच्यापुढे काहीच नाही. फरक एवढाच, की घोंगडी घेऊन बुलेट चालवता येत नाही. तेवढ्यापुरतं माझं जॅकेट वरचढ.

विकत घ्यावं का, असं विचाराल तर बहुतेकांना मी नाही म्हणेन. नवं घ्यायचं तर पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातं, आणि जो माणूस बुटाला पॉलिश करत नाही, सायकलच्या चेनला तेल घालत नाही, त्याच्याकडे ते तीन पावसाळ्यांत बुरशीने जाईल. 'आयुष्यभर टिकेल' असं जाहिरातीत म्हणतात ते अर्धंच खरं आहे. दर उन्हाळ्यात एक दुपार घालवायची तयारी असेल तर टिकतं. ती नसेल तर सरळ हजाराचा रेनकोट घ्या, निदान तो जरा जाड बघून घ्या आणि घडी न घालता टांगून ठेवा. ज्याला दुचाकीवरून रोज घाट उतरायचाय, शेतावर झाडोऱ्यात हिंडायचंय, शेकोटीजवळ बसायचंय, त्याने मात्र विचार करावा. शेकोटीची ठिणगी नायलॉनवर पडली की भोक पडतं, इथे नुसता डाग पडतो. अर्थात जाळात बाही घालू नका, मेण आहे ते. आणि घ्यायचंच तर जुनं घ्या. कुणाचा भाचा, पुतणी तिकडे असेल तर सांगून ठेवा. नव्यापेक्षा मुरलेलं कापड अंगाला चांगलं बसतं.

माझ्याचं अस्तर आता काखेत विरलंय, दिवाळीनंतर ते बदलायचंय. शिंपीकाकांना अजून सांगितलेलं नाही. यंदाच्या मिश्रणातलं मेण डबाभर उरलंय, कुणाला जुनी सॅक, कॅनव्हासची टोपी, काहीही मेणवून बघायचं असेल तर रविवारी सकाळी घरी या. फक्त ड्रायर आपापला आणा, आमच्या घरातला बाहेर काढायला सक्त मनाई झाली आहे.