मामांच्या कानात काय घालायचं?

मामांचा प्रश्न तसा साधा होता. सकाळी संभाजी तलावाकडं चालायला जाताना मोबाइलवर कीर्तन-प्रवचन ऐकायचंय, कानाला टोचणार नाही असा बिनवायरीचा इअरफोन कुठला घ्यावा? पोरीनं पुण्याहून दोन हजार पाठवलेत. पण सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या टपरीवर असलं काही विचारलं की चहा उकळायच्या आत तट पडतात, आणि तसेच पडले.

शिवानंद नेहमीप्रमाणं पहिला. "नॉइज कॅन्सलिंगवाला घ्या मामा. रबरी बोंडाचा, कानात गच्च बसणारा. विजापूर रोडवर ट्रक जाऊ दे नाहीतर डीजे, महाराज आणि तुम्ही, मधे कोण नाही."

"मागून रिक्षा आली तर ती पण मधे नाही का?" व्यंकटेश म्हणाला. "मामा फिरायला चाललेत बे, झोपायला नाही."

शिवानंदचं सगळं ऐकणं एसटीत खिडकीजवळ बसून होतं, हे इथं सांगायला पाहिजे. तिथं त्याचं बरोबरच आहे. ही सोय इंजिनाच्या एकसुरी घुमणाऱ्या आवाजावर चांगली चालते: बाहेरचा आवाज माइकनं टिपायचा, त्याच्या उलट लाट तयार करायची आणि दोघांना एकमेकांत मारायचं. अचानक वाजलेला हॉर्न, पोरांची ओरड, कुत्र्याचं भुंकणं यांच्यापुढं तिचं तेवढं चालत नाही. आणि तलावाच्या उघड्या वाऱ्यात त्याच माइकवर वारा आपटतो आणि कानात फडफड सुरू होते.

व्यंकटेशनं मग दुसरा मुद्दा काढला, पायांचा. "दोन्ही कानांत बोटं घाल आणि चालून दाखव."

शिवानंद खरोखर उठला. कानात बोटं घालून टपरीपासून पानवाल्यापर्यंत गेला आणि परत आला. येणारेजाणारे बघत होते. "धप धप होतंय," त्यानं कबूल केलं.

तेच होतं. कानाची नळी बंद केली की पावलाचा हादरा हाडांतून आत येतो आणि बाहेर निघायला वाट नसते. गाण्यात ते ठेक्याखाली दडून जातं. बोलण्यात नाही. महाराज ओवी म्हणून थांबतात, त्या शांततेत आपल्याच चपलेचा दणका ऐकू येतो. गच्च बसणाऱ्या इअरफोनवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. बाकी बसल्या जागी ते उत्तमच.

व्यंकटेशचा स्वतःचा माल वेगळा. त्याच्याकडं हाडातून ऐकायचा पट्टा आहे, मानेमागून येणारा, कानाच्या पुढं गालाच्या हाडावर टेकणारा. वजन तीस ग्रॅमच्या आसपास, कान मोकळेच्या मोकळे. गाण्याचा बास त्यात नावालाच, पण बोलणं स्वच्छ. त्यानं तो काढून मामांना लावला आणि वर एक शेरा मारला, ज्यावरून खरी चर्चा पेटली. "मामांचे कान लूमवर गेलेत. पडद्याला बायपास करून आवाज डायरेक्ट आत. मामांसाठी हेच औषध."

मामा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग चालू ठेवणारे. आयुष्य धोट्याच्या खडखडाटात गेलं. मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि त्या काळी कानात बोळा घालणाऱ्याला लोक हसायचे.

"कोणी सांगितलं औषध म्हणून?" हे दीपाताई. ती कानाच्या डॉक्टरांकडं तपासणीच्या खोलीत असते, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढते. ड्यूटी संपवून घरी जाताना पार्सल चहा घ्यायला थांबली होती. तो चहा शेवटी तिनं तिथंच प्यायला.

तिनं मामांना एकच विचारलं. "आवाज कमी येतो, का आवाज येतो पण शब्द कळत नाहीत?"

"आवाज येतो की. टाळ येतो, मृदंग येतो. महाराज काय म्हणाले ते शेजारच्याला विचारावं लागतं."

"मग हाडातून घाला नाहीतर पडद्यातून, जायचं एकाच ठिकाणी," ती व्यंकटेशला म्हणाली. "लूमच्या आवाजानं बिघडतो तो आतला शंख. त्यातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. हाडाचा रस्ता पण तिथंच पोचतो. पडद्याला भोक असेल, मधल्या कानात अडथळा असेल, तर बायपासचा फायदा."

व्यंकटेश गप्प झाला, पण पट्टा मामांच्या डोक्यावर तसाच राहू दिला.

पुढचं दीपाताईनं सांगितलं ते मला सगळ्यात कामाचं वाटलं. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांच्यात जोर असतो. व्यंजनं, म्हणजे स, श, त, क, ही वरच्या पट्टीत आणि नाजूक. साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये बोलण्याची बरीच अक्कल असते. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा कान आधी चार हजारांच्या आसपासच खचतो. म्हणून 'पाप' आणि 'ताप' एकच ऐकू येतं. प्रवचनात ते परवडत नाही.

"जुन्या टेलिफोनवर तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच पट्टा यायचा," मी म्हणालो. "तरी बोलणं कळायचं."

"कळायचंच. बास कुठं होता त्यात?"

इथं सलीमभाई पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकला. त्याचं नवी पेठेत मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळं तो बोलला की विकतोय का सांगतोय ते कळत नाही. या वेळी सांगत होता. "दोन हजाराच्या आतला बराचसा माल बासवरच खपतो. गिऱ्हाईक येतं, धडाधडा वाजणारं गाणं लावतं, छाती हलली की घेतं. तसला मामांना दिला तर मृदंगच ऐकू येणार."

"बरोबर," दीपाताई म्हणाली. "खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. लोक मग आवाज वाढवतात, की बास पण वाढतो. आहे तिथंच."

म्हणजे घ्यायला जाताना दुकानात गाणं लावायचंच नाही. आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या, आणि आत एसीत नाही, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, समोरून दुचाक्या जात असताना. नवी पेठेत त्या कमी नाहीत. निवेदकानं घेतलेलं गावाचं नाव पहिल्या फटक्यात कळलं तर तो इअरफोन मामांचा. घरी आल्यावर ॲपमध्ये इक्वलायझर असतो, त्यात खालचा बास उतरवायचा, मधला-वरचा थोडा चढवायचा. हे फुकटात होतं आणि फारसं कोण करत नाही.

आता प्रकार. सलीमभाईच्या म्हणण्याप्रमाणं चांगल्या हाडवाल्या पट्ट्याला दोन हजार पुरत नाहीत. कानावर आकड्यानं अडकवायचे उघडे येतात, पण मामांना चष्मा आहे. चष्म्याची काडी, आकडा आणि उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, तिघं एका कानामागं भांडणार. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी ओलांडतो, सकाळी आठलाच डोकं बांधावं लागतं, त्यामुळं हे लहान प्रकरण नाही. उपरण्याचं टोक लागलं तरी टचचे इअरफोन स्वतःच प्रवचन थांबवतात. दाबायचं बटण असलेला बघा, असं सलीमभाईनंच सांगितलं.

माझा कौल अर्ध्या कानात टेकणाऱ्या, बिनरबराच्या साध्या बडला पडला. चार-पाच ग्रॅमचा असतो. नळी पूर्ण बंद होत नाही, धपधप नाही, घाम साचत नाही, रिक्षा ऐकू येते. काहींच्या कानातून तो घसरतो, पण मामांचे कान मोठे आहेत.

"आणि एकच घाला," व्यंकटेश म्हणाला. "रस्त्याकडचा कान रिकामा."

दीपाताईला हे अर्धंच पटलं. प्रवचनाचं रेकॉर्डिंग बहुतेक मोनोच असतं, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, एका कानानं काही हुकत नाही. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो चालू केलं की ती शंकाही नको. पण कुठल्या कानात? मामा म्हणाले, उजवा चांगला. कशावरून? तर फोन उजव्याला लावतो. ती हसली.

सलीमभाईनं मधेच फोन कुठल्या खिशात ठेवता ते विचारलं. मामा डाव्या. "मग उजव्या कानात तुटक येणार. ब्लूटूथची लाट शरीरातून जायला बघत नाही, आपण सगळे पाण्यानं भरलेलो. घरात भिंतींवर आपटून येते, तलावावर भिंत कुठाय? ज्या कानात बड, त्याच बाजूचा खिसा." गिऱ्हाइकं म्हणे याच कारणानं चांगले पीस परत घेऊन येतात.

धुळीचा मुद्दा शिवानंदनं काढला, आणि बरोबर काढला. डब्यावर आयपीएक्स४ लिहिलेलं असतं त्याला लोक वॉटरप्रूफ समजतात. ते फक्त शिंतोड्यांचं. आणि एक्स आहे ती जागा धुळीच्या आकड्याची, तिथं एक्स म्हणजे धुळीचं काही सांगितलेलंच नाही. सोलापुरात पावसापेक्षा धूळ जास्त, तर आयपी५५ सारखे दोन्ही आकडे असलेला मिळाला तर बघावा. जाळीत मळ आणि धूळ बसली की आधी बारीक आवाजच मरतो, मामांना जो हवाय तोच. कोरड्या ब्रशनं झटकायचं. डबी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही, बॅटरी लवकर म्हातारी होते.

आवाज किती ठेवायचा यावर दीपाताई कडक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. "चौकात ऐकू येईना तर वाढवायचं नाही, थांबवायचं. रस्ता ओलांडा, तलावाच्या कडेला लागा, मग चालू करा. महाराज कुठं जात नाहीत."

"आणि त्याच्या आधी तपासणीला या," ती उठताना म्हणाली. "कुठला कान बरा ते फोनवरून ठरवू नका. कानाचं मशीन लागणार असेल तर हे दोन हजार तिकडं लागतील. आताच्या बऱ्याच मशीनमध्ये ब्लूटूथ असतं, प्रवचन त्यातच ऐकता येतं."

"म्हाताऱ्याचं मशीन मी लावणार नाही," मामा म्हणाले. मग जरा वेळानं, "कितीला येतं?"

दोन हजारात येत नाही, हे तिनं लपवलं नाही. सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं म्हणून मंगळवार ठरला. सलीमभाईनं एक पीस बाजूला ठेवायचं कबूल केलं. फक्त तपासणी होईपर्यंत डबा फोडायचा नाही. कानात घातलेला माल तो परत घेत नाही, मामांचा असला तरी.