आपोआप वाटणी नव्हे, ओढून नेणं

पेशीविभाजनावरच्या एका लेखात म्हटलंय की विभाजनात पेशीअंगकं, म्हणजे पेशीतले छोटे अवयव, दोन्ही पेशींत आपोआप वाटली जातात. कळी फुटून वाढणाऱ्या यीस्टला हे लागू होत नाही; त्यात मातृपेशीवर फुटलेली कळीच पुढे नवी पेशी होते. तिथे मायो-2 हे मोटर प्रथिन ॲक्टिन या प्रथिनाच्या दोरांवरून बहुतेक अंगकं कळीत ओढून नेतं.

रिक्तिकेचंच बघा, म्हणजे पदार्थ साठवणाऱ्या आणि पचवणाऱ्या पिशवीचं. तिच्या पटलावरच्या व्हॅक-8 या प्रथिनाला व्हॅक-17 हे दुसरं प्रथिन चिकटतं आणि तेच मायो-2 ची शेपटीही पकडतं. मग रिक्तिकेचा लांबट भाग मातृपेशी आणि कळी यांना जोडणाऱ्या अरुंद मानेतून कळीत शिरतो. तिथे पोचल्यावर व्हॅक-17 नष्ट केलं जातं आणि मोटर सुटते. मला यातली ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण हे विघटन अडवलं तर रिक्तिका मोटरला धरून पुन्हा मानेपाशी येते. व्हॅक-17 मुळातच नसेल तर कळी नवी रिक्तिका घडवते, पण तोवर तिचं पेशीचक्र, म्हणजे वाढ आणि विभाजनाचा क्रम, रखडतं. ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) मात्र शून्यातून घडवता येत नाही, ती मातृपेशीकडूनच यावी लागते.

आणि सगळंच कळीत जाऊनही चालत नाही. पेरॉक्सिसोम या मेदाम्लं तोडणाऱ्या अंगकांना आयएनपी-2 हे प्रथिन मायो-2 ला जोडून कळीत नेतं, तर आयएनपी-1 हे प्रथिन काहींना मातृपेशीत धरून ठेवतं. आयएनपी-1 चं जनुक काढलं की मातृपेशींत पेरॉक्सिसोमच उरेनासे होतात.