काळ तसा होता म्हणे!

आज एका व्याख्यानात वक्ते सहज बोलून गेले, "लिंकन १८६४ ची अध्यक्षपदाची निवडणूक हरला असता तरी गुलामगिरी गेलीच असती. काळच तसा होता." टाळ्या पडल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

माझी आत्या इतिहास शिकवायची. पुस्तकाचं अर्धं पान तळहाताने झाकायची आणि विचारायची, "आता ऑगस्ट १८६४ आहे. सांग, कोण जिंकेल?" मी हात बाजूला करायला जायचे, ती करू द्यायची नाही.

अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं. त्या ऑगस्टमध्ये लिंकनच्या उत्तरेचे सेनापती दक्षिणेत अडकले होते, ग्रँट पीटर्सबर्गपाशी, शर्मन अटलांटापाशी. घरोघरी सुतक. २३ तारखेला लिंकनने स्वतः लिहून ठेवलं की आपण बहुधा हरणार, आणि मंत्र्यांच्या त्या कागदावर न वाचताच सह्या घेतल्या. त्याआधी चारच दिवस गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लसला बोलावून सांगितलं, दक्षिणेतले जमतील तेवढे गुलाम आत्ताच बाहेर काढायची योजना करा. काळावर भरवसा असलेला माणूस अशी घाई करेल का हो?

२ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि वारं फिरलं. नोव्हेंबरात लिंकन जिंकला, निर्वाचक मतं २१२ विरुद्ध २१. आता हा आकडा बघून म्हणायचं, निवडणूक एकतर्फीच होती! आत्याचा हात बाजूला सारून कुणीही शहाणं होतं.

लिंकनविरुद्ध उभ्या राहिलेल्या मॅक्लेलनने 'युद्ध फसलं, थांबवा' हा स्वतःच्याच पक्षाचा ठराव मानला नाही, हे खरं. पण त्याला हवी होती फक्त फुटलेली राज्यं परत. गुलामांच्या सुटकेची अट त्याने घातलीच नव्हती. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती जून १८६४ मध्ये प्रतिनिधिगृहात पडली होती. जानेवारी १८६५ मध्ये ती ११९ विरुद्ध ५६ ने पार पडली, दोन-तृतीयांश मतं लागत होती म्हणून जेमतेम. हरलेल्या लिंकनसाठी कोण मत फिरवणार होतं?

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या माणसांना अर्पण केली. काळाला नाही.

रात्री आत्याला फोन केला. थकलीये आता, पण सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, त्या वक्त्यांना सैनिकांच्या मतांचं विचारलंस का?" नव्हतं विचारलं. मॅक्लेलन त्यांचा जुना सेनापती, लाडका. लिंकन आला तर लढाई शेवटपर्यंत चालणार, हे खंदकात बसलेल्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांतल्या बहुतेकांनी मत लिंकनलाच दिलं.